दहा शिपाई आणि सेनिओचा बांध: मिनिएचर रंगवण्यापासून पहिल्या डावापर्यंत

मिनिएचर वॉरगेमिंगकडे वळणाऱ्या नवख्याला बहुतेक जण सांगतात, आवडेल ती पेटी घे आणि कर सुरुवात. अशा पेट्या मग वर्षानुवर्षं कपाटावर पडून असतात. तीन शिपाई रंगवलेले, दोन अर्धवट, बाकीचे अजून प्लॅस्टिकच्या चौकटीतच. माझा सल्ला उलटा आहे. आधी लढाई ठरवा, जमलं तर तिचा महिनाही ठरवा. मग तिच्यात शोभतील असे दहाच शिपाई रंगवा आणि ते पूर्ण झाले की खेळायला बसा. अकरावा शिपाई पहिल्या डावानंतर.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. साधारण २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई आपणच जोडायचे, रंगवायचे आणि टेबलावर मांडलेल्या नदी-टेकड्या-घरांमध्ये लढवायचे. चौकटींचा पट नसतो. हालचाल इंचांच्या टेपने मोजतात, निकाल फाशांवर लागतो. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा १९८७ पासून चालत आलेला वॉरहॅमर ४०,००० हा यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ, पण तो काल्पनिक भविष्यातला. ऐतिहासिक लढाया खेळणाऱ्यांची दुनिया निराळी आहे, आणि सुरुवातीला ती स्वस्तही पडते, कारण एका कंपनीचे शिपाई दुसऱ्या कंपनीच्या नियमांवर बिनदिक्कत खेळवता येतात.

लढाई कोणती?

या लेखासाठी मी इटली, एप्रिल १९४५ निवडतो. ९ एप्रिलला सेनिओ नदीवर ब्रिटिश आठव्या सैन्याचा हल्ला सुरू झाला आणि त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव हे त्यात कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. सोबतची तुकडी जवळजवळ संपल्यावर त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकट्याने तीन मशिनगन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी जुलै १९४४ मध्ये टायबरच्या वरच्या खोऱ्यात केलेल्या पराक्रमासाठी तिसऱ्या पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांना तोच सन्मान मरणोत्तर मिळाला होता. ते माणगाव तालुक्यातले. इटलीतल्या मोंटोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

अभिमानाचा भाग आहेच, पण निवडीमागे व्यवहारही आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळाची प्लॅस्टिक पेटी सहज मिळते. भारतीय डिव्हिजनांचे गणवेश आणि पट्टे-पाउच ब्रिटिश धर्तीचेच होते, त्यामुळे तोच साचा चालतो. फक्त चेहरे आणि हात आपण आपल्या रंगाचे करायचे. आणि टेबलावर लागतं काय, तर एक नदी आणि दोन बांध. घरं, चर्च, रस्ते, काही नको.

महिना आधी ठरवा म्हणतो त्याचं कारण कपडे. जुलै ४४ घेतलात तर खाकी ड्रिलचे सुती कपडे, वाळूच्या रंगाकडे झुकणारे. एप्रिल ४५ घेतलात तर जाड लोकरी बॅटलड्रेस, तपकिरी झाक असलेला खाकी. पेट्याही वेगळ्या. आठव्या सैन्याच्या नावाने विकली जाणारी पेटी बहुधा उत्तर आफ्रिकेतली, आखूड चड्डीवाली असते. आपल्याला बॅटलड्रेसवाली हवी. हेल्मेट दोन प्रकारची आली तर चपट्या कडेचं जुनं मार्क-२ लावा. खेळाडू ज्याला ‘टर्टल’ म्हणतात ते मार्क-३ मुख्यतः नॉर्मंडीकडच्या फौजांचं. ली-एनफिल्ड बंदूक नंबर १ की नंबर ४ यावर डोकं खपवू नका, या आकारात कोणाला कळत नाही.

खरेदी

पायदळाच्या पेटीत साधारण २५ ते ४० शिपाई असतात. तीस किंवा जास्त शिपायांची पेटी तिघांनी मिळून घ्या, प्रत्येकाला दहा आले. परदेशातून एकट्याने मागवलं तर पोस्टेज आणि कस्टम्स ड्यूटी धरून पेटी जवळपास दुप्पट किमतीला पडू शकते. इथल्या विक्रेत्याकडे नग असेल तर थोडा महाग वाटला तरी तिथूनच घ्या. आणि समोर खेळणारा मित्र आत्ताच शोधून ठेवा, तो दहा जर्मन रंगवेल. १९४५ पर्यंत जर्मन हेल्मेटांवरची चिन्हं बहुतेक गेली होती, त्यामुळे त्याला नको त्या खुणा चिकटवत बसायचंही कारण नाही.

हत्यारं थोडीच लागतात: तिरपं टोक आणि सपाट पाठ असलेला साइड कटर, कटर ब्लेड, बारीक पॉलिश पेपर आणि डिंक. डिंकाची गल्लत फार होते. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंट लागतो. तो पृष्ठभाग विरघळवून दोन्ही तुकडे एकजीव करतो, सांधा मोडायला गेलात तर शेजारचं प्लॅस्टिक मोडेल. धातू किंवा रेझिनला फेव्हिक्विकसारखा सुपरग्लू, तिथे प्लॅस्टिक सिमेंटचा काही उपयोग नाही.

रंग आठ-नऊ पुरतात: बॅटलड्रेसचा खाकी (वायेहो या कंपनीच्या बाटल्यांत ‘इंग्लिश युनिफॉर्म’ नावाचा तयार मिळतो), पट्ट्यांसाठी फिका मातकट, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), गडद हिरवा, काळा, पांढरा, चंदेरी. शिवाय तपकिरी वॉशची, म्हणजे खोबणीत उतरणाऱ्या पातळ रंगाची, एक बाटली. यातले अंबर, सिएना आणि ऑकर कॅम्लिनच्या अ‍ॅक्रिलिक ट्यूबमधले चालतील, कारण ते मिसळण्यासाठीच वापरायचे आहेत. मोठ्या भागांवर मात्र मॉडेलिंगचा रंगच घ्या. त्यातलं रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं आणि तो पातळ केला तरी झाकतो. ट्यूबमधला रंग जाड बसतो आणि शिपायाच्या कपड्याच्या घड्या बुजवतो.

ब्रश तीन: एक नंबरचा चांगला टोकदार, एक शून्य नंबरचा आणि ड्रायब्रशसाठी (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळण्यासाठी) मेकअपचा मऊ, गोल, स्वस्त ब्रश. नवशिके ट्रिपल झीरो घेतात. त्यावर रंगाचा थेंब मावत नाही, शिपायापर्यंत नेईस्तोवर वाळतो. बारीक काम टोकाने होतं, ब्रशच्या जाडीशी त्याचा संबंध नाही.

जोडणी

तुकडे चौकटीतून कापताना कटरची सपाट बाजू शिपायाकडे ठेवा आणि मिलिमीटरभर देठ सोडून कापा. तो नंतर ब्लेडने तासता येतो, खोलवर गेलेली खाच मात्र भरत बसावी लागते. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे शिपायाच्या अंगावर एक बारीक उभी रेघ राहते, ती मोल्ड लाइन. ब्लेडची पाठ आडवी धरून हलक्या हाताने खरवडा. काम कंटाळवाणं आहे हे खरं. पण न काढलेली रेघ ड्रायब्रश मारल्यावर पांढरी होऊन वर येते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. निदान हेल्मेट, खांदे आणि पायाची बाहेरची बाजू तरी साफ करा.

दहांची वाटणी अशी: एक नाईक, हातात टॉमी गन. एक लान्सनाईक. ब्रेनगनवाला (ब्रेन म्हणजे हलकी मशिनगन) आणि त्याचा जोडीदार. उरलेले सहा रायफलवाले. इन्फन्ट्री सेक्शन, म्हणजे पायदळाची दहाजणांची तुकडी, कागदावर साधारण अशीच असे. एखाद्याचा हात वर उचललेला ठेवा, तो आपला रनर.

२५ मिलिमीटरच्या गोल बेसवर (पायाखालच्या चकतीवर) शिपाई चिकटवा आणि बेस औषधाच्या बाटलीच्या झाकणावर दुहेरी टेपने बसवा. इथून पुढे झाकण धरायचं, शिपायाला बोट लावायचं नाही. बोटांचं तेल लागलं की त्या जागी रंग सुटतो. याच कारणाने प्रायमरआधी (रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थराआधी) शिपाई भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून वाळवून घ्या.

प्रायमर, आणि आपली हवा

परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याची गाडी नेमकी इथे अडते. स्प्रे प्रायमर कोरड्या हवेसाठी असतो. जुलैतल्या ठाण्यात किंवा रत्नागिरीत गच्चीवर उभं राहून फवारलात तर रंग पांढुरका, खरखरीत बसतो. कडक उन्हात वेगळीच तऱ्हा: फवारा शिपायापर्यंत पोचायच्या आतच अर्धा वाळतो आणि अंगावर पिठूळ थर जमतो. स्प्रे करायचाच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी सकाळ निवडा. कॅन दोनेक मिनिटं नीट हलवा, २० ते ३० सेंटिमीटरवरून, शिपायाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवत, आखूड झटके द्या. एका दमात झाकायचा प्रयत्न करू नका.

पावसाळ्यात ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्या. दोन पातळ थर, मध्ये तासभर पंख्याखाली, आणि रात्रभर विश्रांती. मी तर आता बाराही महिने तोच वापरतो, कारण फ्लॅटमध्ये स्प्रेचा वास दोन दिवस घुटमळतो. हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा प्रायमर स्वस्त असतो, पण त्यातले काही द्रावक प्लॅस्टिक खातात. आधी उरलेल्या चौकटीवर मारून दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून पाहा.

रंग निवडताना काळा टाळा, मध्यम तपकिरी किंवा करडा घ्या. आपला गणवेश तपकिरी, कातडी तपकिरी, बंदुकीचं लाकूडही तपकिरी. कुठे ब्रश पोचला नाही तर ते लपून जातं.

रंगवण्याचा क्रम

पाच-पाच शिपाई एकत्र घ्या. पाचांचे कपडे, मग पाचांचे पट्टे, असं. दहा एकदम घेतले तर जीव कंटाळतो आणि एकेक घेतला तर दहावा पहिल्यापेक्षा निराळ्या रंगाचा होतो.

वेट पॅलेट घरी करा. झाकणाचा चपटा डबा, त्यात ओला किचन टिश्यू चार घड्यांचा, वर बेकिंगचा पार्चमेंट पेपर. दुकानात सगळ्यालाच बटर पेपर म्हणतात, पण मेणाचा थर असलेला कागद पाणी वर येऊ देत नाही, तो नको. या पॅलेटवर रंग तासन्‌तास ओला राहतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात नुसत्या प्लेटवर तो पाच मिनिटांत सुकतो. डब्यात पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, पावसाळ्यात त्याला बुरशीचा वास येतो.

रंगात थेंब-थेंब पाणी घालून तो पातळ ताकाइतका करा. पहिल्या थरात प्रायमर दिसेल, दुसऱ्यात झाकलं जाईल. एकाच जाड थरात संपवायचा मोह आवरला की निम्मी कला आली.

सुरुवात कपड्यांपासून. खाकीचे दोन थर द्या, सांडलं तर सांडू द्या. मग छातीचे पाउच, पट्टे आणि पाठीची पिशवी फिक्या मातकट रंगाने. हेल्मेट गडद हिरव्यात थोडा अंबर घालून. बूट काळे. बंदुकीचं लाकूड सिएनामध्ये किंचित अंबर घालून. धातूसाठी काळ्यात थोडी चंदेरी मिसळा, नुसती चंदेरी लावली तर बंदूक खेळण्यातली दिसते. चंदेरीचं पाणी वेगळ्या पेल्यात ठेवा, नाहीतर तिचे कण पुढच्या सगळ्या रंगांत चमकत राहतात.

आता चेहरे, आणि इथे सावकाश जा. पेट्यांवर छापलेल्या रंगांच्या कृती बहुतेक वेळा गोऱ्या कातडीसाठी असतात: गुलाबी थर, तांबूस वॉश, वर जवळजवळ पांढरी उजळणी. तीच रीत तपकिरी कातडीवर वापरली की चेहरा राखाडी, खडू फासल्यासारखा होतो. चूक पांढऱ्याची असते. आपल्या कातडीचा उजळ भाग पिवळ-नारिंगीकडे जातो, म्हणून उजळवायला ऑकर वापरायचा.

पहिला थर अंबर आणि सिएना समसमान. वाळला की पाणी घातलेला तपकिरी वॉश फक्त चेहऱ्यावर आणि बोटांवर, त्याने डोळ्यांच्या खाचा, नाकाच्या कडा, बोटांमधल्या फटी गडद होतात. मग पहिल्याच मिश्रणात तिसरा हिस्सा ऑकर घालून नाकाचा दांडा, गालांची हाडं, हनुवटी, खालचा ओठ आणि बोटांची पेरं उचला. शेवटी त्यात आणखी ऑकर आणि टाचणीच्या टोकाएवढा पांढरा घालून नाकाचं टोक आणि गालावर एकेक ठिपका. बस. दहाही जणांना एकच रंग देऊ नका. दोघांच्या मिश्रणात सिएना जास्त घाला, दोघांच्या अंबर. सातारा, नगर, कोकण, बेळगाव अशा चहूकडून आलेल्या पलटणीत सगळे एका छटेचे कसे असतील?

डोळे रंगवू नका. हातभर अंतरावरून डोळे दिसत नाहीत, दिसते ती भुवईखालची सावली, आणि ती वॉशने आधीच केली आहे. डोळ्यांत पांढरा भरलेले शिपाई कायम दचकलेले वाटतात. त्यापेक्षा काळ्यात थोडा अंबर घालून तिघा-चौघांना मिशा द्या. एक आडवी रेघ, आणि माणूस उभा राहतो.

वॉश, ड्रायब्रश आणि थांबणं

सगळे मूळ रंग झाले की शिपाई सपाट, निर्जीव दिसतो. इथे बरेच जण निराश होतात. पुढचा अर्धा तास सगळं बदलतो, तेवढा धीर धरा.

तपकिरी वॉश कपड्यांवर आणि पट्ट्यांवर सढळ लावा. सिटाडेलचा अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड यासाठी प्रसिद्ध आहे, आर्मी पेंटरचा स्ट्राँग टोनही चालतो. वॉश खोबणीत उतरतो, उंचवट्यांवरून ओघळतो. सपाट जागी, विशेषतः पाठीच्या पिशवीवर आणि मांडीवर, डबकं साचलं तर कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्या. अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावलात तर चहाच्या कपाखाली उमटते तशी कडा राहते आणि ती निघत नाही. पूर्ण वाळायला पावसाळ्यात दोन तास धरा.

मग ड्रायब्रश. खाकीत थोडा ऑकर घालून मेकअप ब्रशवर घ्या आणि टिश्यूवर इतका पुसा की टिश्यूवर रंग उमटणं जवळपास बंद होईल. आता कपड्यांवरून, चेहरा टाळून, ब्रश फिरवा. घड्यांच्या कडा उजळतात. हाताला अंदाज येईपर्यंत दिवाळीच्या किल्ल्यावरच्या प्लास्टरच्या मावळ्यावर सराव करा. तो मोठा असतो, स्वस्त असतो आणि बिघडला तरी हळहळ नाही.

शेवटी एक नंबरच्या ब्रशने पाउचच्या झाकणांच्या कडा आणि हेल्मेटची किनार फिक्या रंगाने ओढा. इथे थांबा. आणखी उजळणी, आणखी बारकावे करता येतात, स्पर्धेसाठी लोक एकेका मूर्तीवर महिना घालवतात. पण आपल्याला पाच पूर्ण करून दुसऱ्या पाचांकडे जायचं आहे. ब्रश साबणाने धुवा, टोक बोटांनी जुळवा आणि आडवा ठेवा. रंग ब्रशच्या धातूच्या गळ्यात शिरला की टोक कायमचं फुटतं.

एखादा शिपाई पुरता बिघडलाच तर तपकिरी डेटॉल, पाणी न घालता. ब्रिटिश वॉरगेमर हा उपाय पूर्वीपासून करत आले आहेत. प्लॅस्टिकचा शिपाई दिवसभर त्यात बुडवून ठेवा, हातमोजे घालून टूथब्रशने घासा. पहिली धुलाईही डेटॉलनेच करा. सुटलेल्या रंगाला पाणी लागलं की त्याचा चिकट डांबरासारखा लगदा होतो. त्यानंतर साबण-पाणी. रेझिनवर हे करू नका, काही रेझिन मऊ पडतात.

बेस

साध्या रंगकामाचा शिपाई चांगल्या बेसवर दुप्पट चांगला दिसतो, आणि हा सगळ्यात कमी कष्टाचा भाग आहे. बेसवर फेव्हिकॉल, वर चाळलेली वाळू. रात्रभर वाळवा, अंबरने रंगवा, ऑकरने ड्रायब्रश करा. एप्रिलमधला नदीकाठ आहे, म्हणून हिरव्या कृत्रिम गवताचे दोन-तीन पुंजके आणि एका बाजूला थोडा चिखल: अंबर, फेव्हिकॉल आणि वाळवलेली चहापावडर. बेसची कडा काळी किंवा तपकिरी रंगवून टाका, विसरू नका.

वर मॅट वार्निश, पुन्हा ब्रशनेच. खेळताना शिपाई सतत हाताळले जातात आणि वार्निश नसेल तर हेल्मेटच्या टोकाचा रंग आधी जातो. बेसखाली छोटं चुंबक चिकटवून शिपाई पत्र्याच्या डब्यात उभे ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी.

टेबल

चार फूट बाय चार फूट जागा लागते. डायनिंग टेबल लहान असेल तर प्लायवूडचा तुकडा वर ठेवा. त्यावर मातकट हिरवी चादर.

मधोमध चार इंच रुंदीची नदी: निळसर तपकिरी रंगवलेला पुठ्ठा, वर दोन थर चकचकीत वार्निश. दोन्ही काठांना सुमारे दीड इंच उंचीचे बांध. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातला थर्मोकोल तिरका कापा. किल्ला करताना आपण पोतं चिखलात बुडवून पसरतो तसंच इथे जुनं सुती कापड फेव्हिकॉल-पाण्यात भिजवून थर्मोकोलवर पसरायचं आणि वाळू भुरभुरायची. वाळल्यावर दगडासारखं कडक होतं. उघड्या थर्मोकोलवर स्प्रे मारू नका, द्रावकाने तो वितळतो. सुपरग्लूनेही वितळतो.

झुडपांसाठी नारळाचा काथ्या पिंजून हिरवा रंगवा. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर फाडून लावला की कुंपण. काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे म्हणजे उंच गवत. चार-पाच झुडपं प्रत्येक बाजूला टाका. आडोसा नसलेलं टेबल म्हणजे जो आधी गोळी झाडेल तो जिंकणार, त्यात खेळ काही उरत नाही.

पहिला डाव

नियमांसाठी बोल्ट अ‍ॅक्शन घेऊ. वॉरलॉर्ड गेम्सने तो २०१२ मध्ये आणला, २०२४ मध्ये तिसरी आवृत्ती आली. मला तो नवशिक्यांसाठी आवडतो कारण यात एकाची पूर्ण खेळी संपेपर्यंत दुसऱ्याला हात बांधून बसावं लागत नाही. प्रत्येक तुकडीमागे एक फासा पिशवीत जातो, दोन बाजूंचे दोन रंग. न बघता एक काढायचा. ज्याचा रंग निघेल त्याने आपल्या एका तुकडीला हुकूम द्यायचा: जागेवरून गोळीबार, सहा इंच चालत गोळीबार, बारा इंच धाव, दबा धरणं, सावरणं किंवा आडवं पडणं.

तुकडी किमान पाचांची लागते. म्हणून नाईक आणि चार रायफलवाले ही एक, लान्सनाईक, ब्रेनची जोडी आणि उरलेले दोघे ही दुसरी. जर्मनांच्याही दोन. पिशवीत चार फासे.

गोळीबार असा: रायफलचा पल्ला २४ इंच, एका रायफलला एक फासा. तीन किंवा जास्त पडले की नेम लागला. अंतर जास्त असेल, चालत झाडली असेल, समोरचा आडोशाला असेल तर जास्त मोठा आकडा लागतो. लागलेल्या प्रत्येक गोळीसाठी पुन्हा फासा, साध्या सैनिकाला चार किंवा जास्त पडल्यास तो बाद. हिशोब करून पाहा: चार रायफली, जवळून, उघड्यावर. सरासरी २.६७ नेम, त्यातले १.३३ बाद. म्हणजे चौघांनी गोळ्या झाडल्या की एखादाच पडतो. मग हा खेळ जिंकतात कसा?

उत्तर आहे पिन. एखाद्या तुकडीला निदान एक गोळी लागली की तिच्यावर एक पिन बसते, माणूस पडो न पडो. पिन असलेल्या तुकडीला हुकूम पाळण्यासाठी दोन फासे टाकून मनोधैर्याच्या आकड्याइतकी किंवा कमी बेरीज काढावी लागते. साध्या सैनिकांचा आकडा नऊ, आणि प्रत्येक पिनमागे तो एकाने घटतो. एका पिनवर आठ किंवा कमी पडायला हवेत, शक्यता ७२ टक्के. दोनवर ५८. तीनवर ४२. तीन पिना बसलेली तुकडी निम्म्याहून जास्त वेळा जागची हलत नाही, तिचा एकही माणूस मेलेला नसला तरी. म्हणून ब्रेनची तुकडी मागच्या बांधावर ठेवून समोरच्या एकाच तुकडीवर मारा करत राहा आणि ती दबली की नाईकाला पाण्यात उतरवा. नवखे गोळीबार दोन्ही तुकड्यांवर वाटतात आणि मग दोन्ही हलत राहतात.

आपल्या डावासाठी मी काही घरचे नियम जोडतो. जर्मन पलीकडच्या बांधाआड, मराठे अलीकडच्या कडेला. सहा फेऱ्या. पाण्यात धाव घेता येत नाही. हल्ला करणाऱ्याची एक तुकडी पूर्ण बाद झाली तर ती एकदाच मागच्या कडेवरून पुन्हा येते, कारण सेनिओवर मागे आणखी कंपन्या होत्याच, आणि हा नियम नसेल तर बांधाआडच्या शत्रूला बरोबरीच्या संख्येने हटवणं जवळपास अशक्य आहे. पाण्यात किंवा बांधावर पडलेला मराठा शिपाई उचलू नका, तिथेच आडवा ठेवा. शेजारी पोचलेला साथीदार त्याला घेऊन फेरीला सहा इंच मागे जाऊ शकतो, पण त्या फेरीत गोळी झाडू शकत नाही. सहाव्या फेरीअखेर पलीकडच्या बांधावर उभ्या प्रत्येक मराठा शिपायाचा एक गुण, अलीकडे आणलेल्या प्रत्येक जखमीचे दोन. जर्मनांना बाद केलेल्या प्रत्येक शिपायाचा एक, पण तो जखमी अलीकडे पोचला तर तो गुण परत जातो. एक डाव झाला की बाजू बदलून पुन्हा खेळा, वेळ लागतो तासाभराचा.

मोजताना भांडणं होतात, ती टाळायची तर हलवण्याआधी तोंडाने सांगा: ‘हा झुडपामागे थांबतोय.’ समोरच्याने हो म्हटलं की अर्ध्या इंचाचा वाद राहत नाही. शंका आली तर फासा टाका, पुस्तक डावानंतर उघडा. आणि कोणी खेळायला नसेल तर एकट्यानेही जमतं. पिशवीतून फासे निघत असल्याने पुढे कोणाची पाळी येणार हे तुम्हालाही ठाऊक नसतं.

पुढची खरेदी

दोन-तीन डाव झाल्यावर कशाची उणीव भासते ते आपोआप कळेल. माझ्या मते क्रम असा: आधी एक अधिकारी, कारण त्याच्या आसपासच्या तुकड्यांचं मनोधैर्य वाढतं. मग दोन इंची मॉर्टरवाली (छोट्या उखळी तोफेची) जोडी. मग दुसरा सेक्शन. रणगाड्याची हौस सगळ्यांनाच असते. घ्यायचाच तर सेनिओवर आग फेकणारे चर्चिल क्रोकोडाइल खरोखर होते, ते शोभतील. फक्त एक चर्चिल चार फुटांच्या टेबलावर बराच मोठा दिसतो आणि समोरच्या मित्राकडे रणगाडा भेदेल असं काहीच नसेल, तर तो पुढच्या रविवारी यायचा नाही. त्याला आधी एक पँझरश्रेकवाला (रणगाडाभेदी रॉकेटवाला) रंगवू द्या.